सिडनीतल्या मराठी ट्रेक ग्रुपांच्या अ‍ॅडमिन मंडळींना खुलं पत्र: इथे आधी उतरायचं असतं

समस्त अ‍ॅडमिन, लीडर, को-लीडर आणि "मी आहे ना, काळजी नको" म्हणणारे सगळे दादा-ताई,

सप्रेम नमस्कार.

जूनच्या लाँग वीकेंडची पोस्ट वाचली. "माउंट सॉलिटरी, एक रात्र मुक्काम, मॉडरेट, बिगिनर्स वेलकम, सह्याद्री केलेल्यांना तर डाव्या हाताचा मळ." खाली धडाधड अंगठे पडलेत, दोघांनी तर "मुलांना आणलं तर चालेल का" असंही विचारलंय आणि त्याला उत्तर आलंय "बिनधास्त आणा". मी तिथेच लिहिणार होते, पण ग्रुपवर तिसऱ्या ओळीच्या पुढे कोणी वाचत नाही आणि तेवढ्यात कोणीतरी इडली बॅटर कुठे चांगलं मिळतं ते विचारतं, म्हणून हे पत्र असं बाहेर लिहितेय. राग कोणावर नाहीये. तुम्ही लोकं शनिवार-रविवार घालवून, पेट्रोल जाळून, चाळीस जणांचे चाळीस नखरे सांभाळून आम्हाला घराबाहेर काढता, नाहीतर आम्ही वेंटवर्थव्हिल ते हॅरिस पार्क एवढीच ऑस्ट्रेलिया बघितली असती. हे मनापासून.

पण सांगायचंय ते हे, की सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्सच्या वाटेला सह्याद्रीचं माप लावून पोस्ट टाकू नका. वाटेची इथली जी ग्रेड आहे ती लिहा, चढ किती आहे ते लिहा आणि तो दिवसाच्या कुठल्या टोकाला आहे तेही लिहा. कारण ती पोस्ट वाचूनच माणूस ठरवतो की आपण जायचं का, आईला न्यायचं का, पोराला न्यायचं का. पोस्टमध्ये चुकीचं लिहिलं की पुढे लीडर कितीही भारी असला तरी काही उपयोग नाही, चुकीची माणसं चुकीच्या दरीत उतरलेली असतात.

आता उतरलेली म्हणाले ते मुद्दाम. आपल्याकडे गड म्हणजे काय, पायथ्याच्या गावात पहाटे पोहे-चहा, मग चढ, दहा-अकरापर्यंत माथा, वर टाक्याचं पाणी, डबा, फोटो, आणि मग उतार. जो दमणार तो चढताना, सकाळी, सगळे ताजेतवाने असताना दमणार, आणि फारच दमला तर तिथूनच मागे फिरणार. परतीला उताराची वाट असते, गुडघे बोंबलतात पण माणूस खाली येतो. ब्लू माउंटन्समध्ये हे सगळं उलटं आहे. स्टेशन वर, गाडी वर, कॅफे वर, टॉयलेट वर. ब्लॅकहीथ गावच हजार मीटरच्या वर आहे आणि ट्रेक म्हणजे त्या पठाराच्या कडेवरून खाली दरीत जायचं. सकाळी उतरताना सगळेच हीरो असतात, गाणी चालू, भेंड्या चालू, रील चालू. आणि दिवसातला सगळा चढ शेवटी, पाणी संपल्यावर, पाय गेल्यावर, उजेड जायला लागल्यावर. म्हणजे ज्या माणसाला हे झेपणार नाहीये ते त्याला आणि तुम्हाला कळतं कधी, तर दुपारी तीनला दरीच्या तळाशी. तिथून मागे फिरायचं तरी चढच आणि पुढे जायचं तरी चढच.

त्यात सर्किट असेल, म्हणजे एका वाटेने उतरून दुसऱ्याच वाटेने बाहेर पडायचं असेल, तर आणखी पंचाईत. गेलेल्या वाटेनेच परत यायचं असेल तर निदान वाट ओळखीची असते, कुठे घसरडं होतं, कुठे फाटा होता ते डोक्यात असतं. सर्किटमध्ये दमलेल्या अवस्थेत जी वाट लागते ती पूर्ण नवी, आणि अर्ध्याच्या पुढे गेल्यावर "चला परत जाऊ" ला काही अर्थ उरत नाही. ते आपल्याला सगळ्यांना माहितीये, पण पोस्टमध्ये कोणी लिहीत नाही.

मे महिन्यातल्या ब्लू गम सर्किटचंच घ्या ना. पोस्ट होती "फक्त १२ किमी, मॉडरेट, सुंदर जंगल". एव्हान्स लुकआउटवरून खाली, रोड्रिगेझ पासने जंक्शन रॉक, तिथून ओढ्याच्या कडेकडेने अकेशिया फ्लॅट, मग ब्लू गम फॉरेस्ट, आणि पेरीज लुकडाउनवर चढून बाहेर, तिथे आदल्या रात्रीच दोन गाड्या लावून ठेवलेल्या. प्लॅन कागदावर झकास होता, नाही म्हणत नाही मी. गाड्यांची ती आयडिया तर फारच चांगली.

एव्हान्स लुकआउटच्या कठड्याशी सगळे ग्रुप फोटोला उभे होते, तेव्हा पुण्याहून मुलाकडे आलेल्या एक काकू होत्या आपल्यात, आठवत असतील. साठीच्या पुढच्या, पण दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या, काटक एकदम, पायात साधे स्पोर्ट शूज आणि पाठीला नातवाची शाळेची सॅक. त्यांनी कठड्यावरून खाली डोकावून बघितलं आणि को-लीडरला विचारलं, "अरे, हे उतरतोय तेवढं सगळं परत चढायचंय ना?" त्याला उत्तर मिळालं, "थोडंसंच आहे काकू, शेवटी." त्या दिवसातला तो सगळ्यात शहाणा प्रश्न होता आणि त्याला मिळालेलं उत्तर सगळ्यात वाईट. पेरीजचा चढ सहाशे मीटरच्या आसपास आहे आणि तो दोन-अडीच किलोमीटरमध्ये आहे. सिंहगडाचा रविवारचा चढ काकूंना पाठ होता, त्यांना सरळ सांगितलं असतं की असा असा सिंहगड आहे, पण तो पाच-सहा तास चालून झाल्यावर शेवटी चढायचाय आणि वर पिठलं-भाकरी मिळणार नाही, तर त्यांनी स्वतःच ठरवलं असतं. कदाचित आल्याही असत्या. पण विचार करून आल्या असत्या, दोन लिटर पाणी जास्त घेऊन, काठी घेऊन.

सुरुवातीचा भाग फसवा आहे बरं का. एव्हान्स लुकआउटवरून जो उतार आहे तो ग्रँड कॅनियनच्या प्रसिद्ध वाटेचाच आहे, नीट बांधलेल्या पायऱ्या, पाट्या, टुरिस्ट, कडेवर बाळ घेतलेली माणसं. नवीन माणसाला वाटतं सगळं असंच आहे. खाली ओढ्यापाशी फाटा येतो, ग्रँड कॅनियनवाले ओढ्याच्या वरच्या अंगाला जातात आणि आपण खालच्या अंगाला, आणि तिथून दहा मिनिटांत लोक गायब, पायऱ्या गायब, आणि वाट म्हणजे दगडांच्या मधून जिथे बूट टेकेल ती. बोशां फॉल्सच्या खालचे ते मोठे मोठे धोंडे, वर शेवाळं, मध्ये पडलेली झाडं. तिथे आपली लाइन जी तुटली ती पेरीजपर्यंत पुन्हा जुळली नाही. पुढचे पळाले, मधले गप्पा मारत राहिले आणि सगळ्यात मागे आम्ही, म्हणजे टेलला.

जंक्शन रॉकच्या पुढे एके ठिकाणी भला मोठा गमट्री, म्हणजे निलगिरीचं झाड, वाटेवर आडवा पडला होता. आता झाड पडलं की आधीची माणसं काय करतात, कोणी वरून वळसा घालतं, कोणी खालून, कोणी चुकून भलतीकडे जाऊन परत येतं, आणि प्रत्येकाच्या पायाने तिथे एक एक वाट तयार होते. आम्हाला तिथे तीन वाटा दिसत होत्या आणि तिन्ही सारख्याच मळलेल्या. पाटी नाही, बाण नाही, रिबन नाही. आपल्यातला एक जण आधी खालच्या वाटेने गेला, ती ओढ्याच्या काठाशी संपली. मधली नेच्यात घुसली. मी वरची धरली ती बरोबर निघाली, पण वीस-पंचवीस मिनिटं तिथेच गेली आणि त्यातली दहा तरी फोनकडे बघण्यात, कारण फोनवरच्या मॅपमध्ये आपला निळा ठिपका एकदा ओढ्याच्या पलीकडे दाखवत होता आणि एकदा कड्यावर. उंच कड्यांच्या मध्ये जीपीएस असाच उड्या मारतो. आणि अ‍ॅपवरची जी रेघ आपण "ऑफिशियल रूट" म्हणून धरून चालतो ती बऱ्याचदा आपल्यासारख्याच कोणीतरी चुकत-माकत चालून अपलोड केलेली असते.

खालचं रान २०१९-२० च्या वणव्यात जळलं होतं. वर्ल्ड हेरिटेज म्हणून जो ब्लू माउंटन्सचा पट्टा आहे त्याचा बहुतेक भाग त्या वणव्यात होरपळला, ब्लू गम फॉरेस्टपण सुटलं नाही. त्याच्यामागोमाग पावसाची वर्षं आली, दरडी आल्या, आणि जळलेल्या जागेवर वॅटलची झुडपं आणि ब्रॅकन नेचा जो माजलाय तो कारवीसारखा दाट, खांद्याला लागतो. वाट आहे, पण ती पायाला कळते, डोळ्याला दिसत नाही. त्यात गमट्रीच्या सालींचे लांबच लांब पट्टे गळत असतात, ते वाटेवरही पडतात आणि वाट नसलेल्या जागेवरही, त्यामुळे जमीन सगळी एकसारखी दिसते. सह्याद्रीत वाट म्हणजे लाल मातीची रेघ, ती लांबून दिसते. इथे मान खाली घालून शोधावी लागते.

आम्ही टेलवाले ब्लू गममध्ये पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. काय जागा आहे हो ती! सरळसोट, गुळगुळीत, निळसर-पांढरी खोडं, एकेक झाड मान मोडेपर्यंत वर. बसावंसं वाटत होतं पण पुढच्यांचा पत्ता नव्हता. पेरीज पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणजे दुपारी ऊन लवकर जातं, आणि मे महिन्यात सूर्यास्तच मुळी पाचच्या सुमारास. आम्ही चार वाजता चढाच्या निम्म्यातही नव्हतो. काकू दर वीस पावलांना थांबत होत्या, तक्रार एकही नाही, फक्त एकदा म्हणाल्या "पाणी आहे का गं कोणाकडे". माझ्याकडे अर्धी बाटली होती. खालून ओढ्याचं भरून घ्यावं म्हटलं तर वरच्या अंगाला अख्खं ब्लॅकहीथ गाव आहे, त्याचं पाणी त्याच ओढ्यांना येतं, फिल्टर किंवा उकळल्याशिवाय ते प्यायचं नाही, आणि फिल्टर कोणाकडे होता, तर सगळ्यात पुढे पळालेल्या पार्टीकडे. हेडटॉर्च पण त्यांच्याकडेच. शेवटच्या पायऱ्या आम्ही एका मोबाइलच्या उजेडात चढलो, एकीकडे काकूंचा हात आणि दुसरीकडे मोबाइल, आणि वर पोचल्यावर पुढची पार्टी गाडीत हीटर लावून बसलेली, "अरे आलात! आम्ही म्हटलं कुठे राहिलात."

नंतर ग्रुपवर जी चर्चा झाली त्यात सगळा राग नॅशनल पार्कवाल्यांवर. एवढा टॅक्स भरतो, दोन पाट्या लावता येत नाहीत का, वगैरे. यात थोडं तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही, त्या पडलेल्या झाडापाशी एक बाण असता तर आमची अर्ध्या तासाची कटकट वाचली असती. पण जास्त तथ्य नाहीये. इथे वाटांना एक ते पाच ग्रेड असतात आणि त्या उगाच नाही दिलेल्या. एक म्हणजे व्हीलचेअर मदतीने जाऊ शकेल अशी, पायऱ्याही नाहीत. दोन म्हणजे कोणीही यावं. तीनमध्ये थोडा खडा चढ, बऱ्याच पायऱ्या, वीस किमीपर्यंत. चारमध्ये त्यांनी स्पष्टच म्हटलंय की वाट लांब, खडबडीत, फार खडी असू शकते, पाट्या कमी असतील, बुशवॉकिंगचा, म्हणजे रानात चालण्याचा, अनुभव असावा. आणि पाच म्हणजे अतिशय अनुभवी लोकांसाठी, ज्यांना नकाशा वाचता येतो, इमर्जन्सी फर्स्ट एड येतं. वाट अतिशय खडी आणि खुणा नसलेली असू शकते. म्हणजे "खुणा नाहीत" ही तक्रार नाहीये, ती त्या वाटेची जाहीर केलेली अटच आहे. दुकानाच्या दारावर लिहिलेलं असताना आत जाऊन भांडण्यात काय अर्थ. ही ग्रेड नॅशनल पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक वाटेच्या पानावर असते, तिथेच कुठली वाट बंद आहे तेही असतं, आणि आपल्या एकाही पोस्टमध्ये ती मी आजपर्यंत बघितलेली नाही. आपल्याकडे दोनच प्रकार, मॉडरेट आणि "मॉडरेट पण मजा येईल".

बंद वाटेवरून आठवलं. "बोर्ड लावलाय पण बाजूने जाता येतं" हे वाक्य आपल्या ग्रुपमध्ये फार सहज येतं. एप्रिल २०२२ मध्ये ब्लू माउंटन्समधल्याच वेंटवर्थ पासच्या वाटेवर दरड कोसळून ब्रिटनहून फिरायला आलेल्या कुटुंबातला बाप आणि नऊ वर्षांचा मुलगा जागीच गेले. ती वाट तेव्हा उघडी होती. उघड्या वाटेवर हे होऊ शकतं तर ज्या वाटेला जिऑलॉजिस्टने बघून कुलूप लावलंय तिथे आपण काय म्हणून जायचं?

आता मुळातला फरक सांगते, जो मला वाटतं आपण लोक इकडे येताना विसरतो. सह्याद्रीत आपण वाट चुकलो तरी एकटे नसतो. पायथ्याच्या वाडीत कोणीतरी मामा असतो, तो पाच मिनिटांत चप्पल घालून पुढे चालायला लागतो. वर धनगरवाडा असतो. गुरं असतात, गुरांमागे पोरगं असतं, आणि ढोरवाट जरी चुकीची धरली तरी ती संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या गोठ्यापर्यंत नेते. नळीच्या वाटेला किंवा कात्राबाईच्या रानात चुकलेल्यांना कुत्र्याच्या भुंकण्यावरून वाडी सापडलेली आहे. हे सगळं आपण आपलं स्किल समजतो, पण त्यातलं बरंचसं त्या लोकांचं आहे. इथे ग्रोस दरीत, म्हणजे ब्लू गम आहे त्या दरीत, ढोरवाट म्हणजे वॉलबीची वाट, ती झुडपाखाली शिरते आणि संपते. ओढा धरून खाली गेलं तर गाव लागत नाही, धबधब्याचा कडा लागतो नाहीतर दिवसभर नुसतं रान. हाक मारली तर परत आपलीच हाक. आणि फोनला रेंज नाही.

२००९ च्या जुलैमध्ये ब्रिटनचा एक एकोणीस वर्षांचा बॅकपॅकर कटुंबा गावाहून रुइन्ड कॅसलच्या बाजूला एकटाच गेला, मोबाइलही सोबत नव्हता, आणि बारा दिवस हरवला. जिवंत सापडला ही त्याची पुण्याई. हे रुइन्ड कॅसल म्हणजे तुमच्या माउंट सॉलिटरीच्या वाटेवरचंच. आणि २००६ च्या डिसेंबरमध्ये खुद्द माउंट सॉलिटरीवर सिडनीचा सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा दगावला, दोन मित्रांबरोबर निघाला होता, उन्हाळा, पाणी संपलं, वर जिथे पाणी मिळेल वाटलं होतं तिथे मिळालं नाही, नदीकडे उतरताना तो पुढे गेला आणि एकटा पडला. त्याने ट्रिपल झीरोला, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरला, अनेकदा फोन लावला, लागलाही, आणि पलीकडून त्याला रस्त्याचं नाव विचारत राहिले. जंगलातल्या पोराला रस्त्याचं नाव. त्यावर पुढे चौकशी झाली, कॉरोनरने, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, ताशेरे ओढले. पण आपल्यासाठी त्यातला धडा पाण्याचा आणि वेगळं न होण्याचा आहे, आणि आपण मे महिन्यात नेमकं तेच केलं, लाइन तोडली आणि पाण्याचा फिल्टर पुढच्यांकडे दिला.

म्हणून सॉलिटरीबद्दल जरा स्पष्ट लिहिते. गोल्डन स्टेअर्सने खाली उतरायचं, फेडरल पासने रुइन्ड कॅसलपर्यंत जायचं, इथपर्यंत वाट चांगली मळलेली आहे, लोकही भेटतात. त्याच्यापुढे नाइफ एज. नावावर जाऊन घाबरायला नको पण नावाकडे दुर्लक्षही नको, तिथे हात लावून चढायचे रॉक पॅच आहेत, पाठीला रात्रीच्या मुक्कामाची सॅक, आणि वाट कातळावरून जाते त्यामुळे पायाची खूण राहत नाही, दोन-तीन ठिकाणी चुकीच्या बाजूला सहज जातो माणूस. माथ्यावर पाण्याचा भरवसा नाही. दुसऱ्या दिवशी पलीकडे केडुंबा नदीपर्यंत सरळ खाली, गुडघ्यांचा भुगा, पावसानंतर नदी ओलांडता येईलच असं नाही, आणि तिथून वेंटवर्थ फॉल्सला बाहेर पडायला जो चढ आहे तो दोन दिवसांचा सगळा थकवा घेऊन. हे बिगिनर्स वेलकम आहे का? दहा वर्षांचं पोर, पहिल्यांदा सॅक उचलणारा आयटीवाला, आणि गेल्या महिन्यातच सिडनीत उतरलेलं जोडपं ज्यांनी अजून हिवाळ्याचं जॅकेटही घेतलं नाहीये, ही सगळी नावं त्या यादीत आहेत. मी यादी बघितली.

वेळेचा हिशोब पण करून बघा. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने साधं गणित मांडलं होतं, जे अजून जगभर वापरतात: पाच किलोमीटरला एक तास आणि वर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. हे धडधाकट माणसाचं, चांगल्या वाटेवरचं, न थांबता. आपल्या ग्रुपला त्याच्या दुप्पट धरा, कारण आपल्यात थेपले निघतात, मग लोणचं निघतं, मग ते लोणचं कोणाच्या आईने केलंय यावर चर्चा निघते. ब्लू गमला हे गणित केलं असतं तर आठला नाही, साडेसहाला निघालो असतो आणि हे पत्र लिहावं लागलं नसतं.

पीएलबी, म्हणजे संकटात मदतीचा सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र, त्याबद्दल दर वेळी "महाग आहे, कोण घेणार" असं होतं. अहो, फुकट मिळतो. न्यू साउथ वेल्स पोलीस आणि नॅशनल पार्कवाले मिळून "थिंक बिफोर यू ट्रेक" चालवतात, त्यात ब्लू माउंटन्ससाठी पीएलबी फुकट वापरायला देतात, ब्लॅकहीथच्या नॅशनल पार्क ऑफिसात मिळतो, काही पोलीस स्टेशनांतही, आधी फोन करून शिल्लक आहे का विचारायचं एवढंच. बटण दाबलं की सिग्नल सॅटेलाइटवरून थेट कॅनबेराला रेस्क्यू सेंटरला, रेंज नको, सिमकार्ड नको. सोबत ट्रिप इंटेन्शन फॉर्म ऑनलाइन भरायचा, कुठून कुठे, किती जण, कधी परत, दहा मिनिटांचं काम आहे. "माझ्या आयफोनला सॅटेलाइट एसओएस आहे" हे मला माहितीये, २०२३ पासून ऑस्ट्रेलियात चालतं ते आणि चांगलंच आहे, पण त्याला मोकळं आकाश लागतं आणि बॅटरी लागते, आणि ती बॅटरी आपण दुपारपर्यंत रीलमध्ये संपवलेली असते. आकाश पीएलबीलाही लागतं म्हणा, पण त्याच्यावर निदान कोणी इन्स्टा बघत नाही. इमर्जन्सी प्लस अ‍ॅप पण सगळ्यांनी टाकून ठेवा, तुम्ही कुठे उभे आहात त्याचे आकडे ते दाखवतं, म्हणजे रस्त्याचं नाव विचारलं तर निदान ते तरी सांगता येतील. साप चावला तर रुंद इलॅस्टिकची पट्टी घट्ट बांधायची आणि माणसाला हलू द्यायचं नाही, चोखायचं नाही, कापायचं नाही. ती पट्टी मेच्या ट्रेकला मी सोडून कोणाकडेच नव्हती, असो.

आता कोणी म्हणेल, एवढे नियम लावले तर येणार कोण, ग्रुप बंद पडेल. मला उलटं वाटतं. ब्लू गम फॉरेस्ट आज उभं आहे तेच मुळी ट्रेकिंग ग्रुपमुळे. १९३१ च्या ईस्टरला सिडनीचे काही बुशवॉकर तिथे मुक्कामाला गेले, तर तिथली जमीन लीजवर घेतलेला एक माणूस झाडं पाडून अक्रोड लावणार होता. मंदीचे दिवस, कोणाकडे पैसा नाही, तरी या लोकांनी वर्गणी काढून, उसने घेऊन, १३० पौंड देऊन ती लीज सोडवून घेतली. ही नुसती निसर्गप्रेमी हौशी मंडळी नव्हती, शिस्तीची होती. त्यातला सिडनी बुश वॉकर्स हा १९२७ चा क्लब, तिथे नवीन माणूस आला की आधी टेस्ट वॉक करायचे, जमतं का बघायचं, मग मेंबर. तरी क्लब बंद पडला नाही, अजून चालू आहे. आपण टेस्ट नको घेऊ, परीक्षेचं नाव काढलं की आपली निम्मी जनता पळेल. पण सॉलिटरीला यायचं असेल तर आधी ग्रेड चारचा एक दिवसाचा ट्रेक आपल्याबरोबर केलेला असावा, एवढं तरी म्हणा. ज्यांना नाही जमणार त्यांच्यासाठी त्याच दिवशी ग्रँड कॅनियन ठेवा, सहा-सात किलोमीटरचं सर्किट, नीट बांधलेली वाट, शेवटी चढ आहे पण झेपणारा, आणि सौंदर्यात तसूभर कमी नाही. पोरांना तर ते जास्त आवडेल. लीड करायला माणूस नसेल तर मी करते.

अजून एक, टेल. सगळ्यात पुढे कोण असणार यावर आपल्याकडे चढाओढ असते आणि मागे कोणीच थांबायला तयार नसतो, मग जो दमलाय त्यालाच आपोआप टेल करून टाकतात. असं नका करू. सगळ्यात मागे सगळ्यात दणकट माणूस, त्याच्याकडे पाणी, टॉर्च आणि फर्स्ट एड. प्रत्येक फाट्यावर सगळे जमेपर्यंत पुढच्याने हलायचं नाही, तो कितीही कंटाळला तरी. आणि दरीच्या तोंडावर कोणी काकूंनी, काकांनी किंवा कोणीही विचारलं की शेवटी किती चढायचंय, तर मीटरमध्ये सांगा. "थोडंसंच" नको.

काकूंची गोष्ट लिहिलीच आहे तर सांगते, त्यांच्या मुलाचा कालच फोन आला होता, आईला परत नेणार का विचारत होता, आणि मागून त्यांचाच आवाज, "या वेळी काठी घेऊन येणार म्हणावं." त्यांचं पुण्याचं तिकीट जूनच्या शेवटी आहे, तर ग्रँड कॅनियनच्या यादीत त्यांचं नाव मी घातलंय.

तुम्ही फक्त सॉलिटरीची पोस्ट या शुक्रवारपर्यंत बदला. ग्रेड लिहा, दोन्ही दिवसांचा चढ-उतार लिहा, निघायची वेळ आणि मागे फिरायची वेळ लिहा, प्रत्येकी किती लिटर पाणी ते लिहा, मुलं नकोत म्हणून लिहा. पीएलबी ब्लॅकहीथहून आणायचं काम कोणाकडे आहे त्याचं नाव लिहा, कोणी नसेल तर माझं टाका, गुरुवारी मी तिकडे जाणारच आहे.

कळावे, लोभ असावा,
मे महिन्यातली तुमची टेल